बरणीतली गोटी

१

क्लबच्या खोलीतली काचेची बरणी मेट्रननं गेल्या बैठकीनंतर स्वतःच्या हातानं घासली होती. बरणी गळ्यापर्यंत भरली होती, म्हणून आतल्या गोट्या ओतून काढल्या, बरणी पुसली आणि रिकामी कपाटावर ठेवली. त्यामुळे आज बैठकीआधी कप मांडताना तिची नजर वर गेली आणि बरणीच्या तळाशी एक निळी गोटी दिसली, तेव्हा तिच्या हातातली कपबशी खडखडली.

गोटी बघून जन्मभर इस्पितळात काढलेली बाई घाबरली, असं कुणाला सांगितलं असतं तर तो हसला असता. पण त्या गोटीचा अर्थ चौघांनाच ठाऊक होता.

क्लब तसा मोठा. बरेचसे सभासद अधूनमधून जेवायला जमायचे, देणगी द्यायचे, फोटो काढून घ्यायचे आणि पुण्य पदरात पाडून घरी जायचे. खरं काम 'सोबत' या गटाचं, आणि त्यात माणसं चारच. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दर आठवड्याला भेटायचं, चार गोष्टी बोलायच्या, औषधं घेतली का ते बघायचं. मग गुरुवारच्या बैठकीत आपापल्या म्हाताऱ्यांची एखादी इच्छा बोलून दाखवायची. कुणाला जिन्यात दिवा हवा असे, कुणाला काठीला नवं रबर. चौघांपैकी कुणीतरी ती इच्छा गुपचूप पुरी करायची. सगळ्या घरांच्या किल्ल्या क्लबच्या फळीवर टांगलेल्या असत. म्हातारं माणूस झोपलेलं असताना आत जायचं, वस्तू ठेवून यायची आणि बरणीत एक गोटी टाकायची. कुणी दिलं ते विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात, तसं.

आणखी एक नियम होता. ज्याच्याकडे आपण भेटीला जातो, त्याची इच्छा आपण पुरी करायची नाही. नाहीतर म्हाताऱ्याला उपकाराचं ओझं होतं आणि तो मोकळेपणानं बोलेनासा होतो. हा नियम अध्यक्षांनी घातला होता आणि आजवर कुणी मोडला नव्हता.

गेल्या बैठकीत इच्छा एकच निघाली होती. ती मेट्रनला आता आठवली. घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे होते, सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. त्यांच्याकडे औषधाच्या दुकानाचे मालक भेटीला जायचे. त्यांनीच घड्याळजींची नक्कल करत सांगितलं होतं, "बाकी काही नको म्हणतात. देवानं आता उचलावं, एवढंच मागणं आहे!"

सगळे हसले होते. म्हातारी माणसं असं म्हणतातच, त्यात नवल ते काय?

पुढच्या मंगळवारी घड्याळजी घरात मेलेले सापडले. आणि आता कुणीतरी इच्छा पुरी केल्याची गोटी टाकून गेलं होतं.

२

मंगळवारी दुपारी औषधवाल्यांचा फोन आला, तेव्हा मेट्रन तशीच धावली होती. घड्याळजींच्या खोलीत भिंतभर घड्याळं टिकटिकत होती. ते पलंगावर उताणे होते. पांघरूण पायांखाली नीट खोचलेलं, चष्मा घडी करून उशाशी ठेवलेला, डोक्याखाली उशी. मेट्रननं सवयीनं पापणी वर केली, तर आतल्या बाजूला बारीक लाल ठिपके होते. श्वास कोंडला की असे ठिपके येतात. मान सरळ करताना उशी कुरकुरली, तेही तिच्या कानांनी टिपलं. डॉक्टर आले, हृदय बंद पडलं म्हणाले आणि सही करून गेले. मेट्रन गप्प बसली. वयही झालेलंच होतं आणि ठिपके इतरही कारणांनी येतात, अशी तिनं मनाची समजूत घातली.

आता समजूत घालायला जागा उरली नव्हती.

जिन्यावर पावलं वाजली. आधी चिटणीसबाई आल्या, त्यांच्यामागून धापा टाकत गोलमटोल औषधवाले, आणि शेवटी साहेब. अध्यक्षांना सगळे साहेबच म्हणत. उंच, सावकाश बोलणारे, जन्मभर पूल बांधलेले इंजिनियर. बायको गेल्यापासून क्लब हाच त्यांचा संसार होता.

मेट्रननं आवाज शक्य तितका साधा ठेवला. "चिटणीसबाई, जुनी एखादी इच्छा राहिली होती का हो? मी बरणी धुतली तेव्हा?"

"छे! माझ्याकडे उधारी नसते," चिटणीसबाई म्हणाल्या. "शेवटची ती काठीच्या रबराची. ती तुम्ही ओतलेल्या गोट्यांतच गेली. का?"

"सहज."

कुणी बरणीकडे बघितलं नाही. की एकानं मुद्दामच बघितलं नाही? क्लबच्या या खोलीची किल्ली चौघांकडेच असायची. जिवाभावाची ही तीन माणसं. सुखदुःखात एकमेकांना धरून राहिलेली. यातलंच कुणीतरी.

सगळे उभे राहिले, घड्याळजींसाठी मिनिटभर शांतता पाळली आणि इच्छांची फेरी सुरू झाली. चिटणीसबाईंनी कुणाच्या तरी खिडकीचा पडदा सांगितला. मग साहेबांनी घसा खाकरला.

"मेट्रन, तुमच्या ताईंकडे गेलो होतो रविवारी. कमरेनं फार छळलंय त्यांना. म्हणाल्या, आता देवानं उचललं तर बरं."

ताई मेट्रनची सख्खी थोरली बहीण, आईमागं आई झालेली. एकटी राहायची आणि घर सोडायला काही केल्या तयार नव्हती. नातेवाइकानं नातेवाइकाकडे भेटीला जायचं नाही, म्हणून ताईची भेट साहेबांकडे होती.

"आणि एक विनंती," साहेब औषधवाल्यांकडे बघत पुढं म्हणाले. "माझे गुडघे आता ताईंचा जिना ऐकत नाहीत. घड्याळजी गेल्यामुळं यांना जरा मोकळीक आहे. तर ताईंची भेट यांच्याकडे द्यावी म्हणतो."

"आनंदानं!" औषधवाले म्हणाले. "उद्याच दुपारी जातो."

घड्याळजींचं दार ज्यांनी उघडलं, ज्यांच्या दुकानात झोपेच्या गोळ्यांच्या बरण्या होत्या, त्यांच्या हाती ताई चालली होती.

३

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच मेट्रन औषधवाल्यांसमोर उभी राहिली.

"घड्याळजींविषयी विचारायचं होतं."

औषधवाल्यांचा चेहरा उतरला. "मेट्रनबाई, मी त्यांची नक्कल केली हो. आपण हसलो आणि चार दिवसांत ते गेले. तेव्हापासून घास गिळवत नाही."

"तुम्ही गेलात तेव्हा दार कसं होतं?"

"नीट बंद. फळीवरची किल्ली जागेवरच होती, ती घेऊन गेलो. आत गेलो तर ते झोपलेले. हाक मारली, हलवलं..." त्यांनी डोळे पुसले.

"उशी तुम्ही दिलीत डोक्याखाली?"

"उशी?" औषधवाले चमकले. "खरंच की! त्यांच्या मानेला पट्टा होता, उशी वर्ज्य. माझ्यासमोर त्यांनी घरातली शेवटची उशी बोहारणीला दिली होती. ती कुठून आली?"

मेट्रन त्यांच्याकडे एकटक बघत राहिली. हा माणूस खोटं बोलत असेल, तर नाटकात जायला हवा होता. पण खुनी माणसाच्या कपाळावर शिक्का नसतो, हे तिनं इस्पितळात पाहिलं होतं.

"बरं आठवलं," औषधवाले हळूच म्हणाले. "ताईंना काय आवडतं खायला? आज दुपारी जायचंय ना."

"आज नको. आज मीच आहे तिथं."

ती बाहेर आली. ताईला फोन लावला. ताई नेहमीसारखी खेकसली, "जिवंत आहे गं! सकाळपासून तिसऱ्यांदा विचारतेस. देव नेत नाही तोवर कुठं जातेय?"

"ताई, असं बोलू नकोस."

"का? बोलायलाही बंदी?"

४

साहेबांकडे ती जरा आधाराला म्हणूनच गेली होती. औषधवाल्यांवरचा संशय कुणाला तरी सांगायला हवा होता, आणि साहेबांइतकं शांत डोकं दुसरं कुणाचं?

साहेबांनी स्वतः चहा केला. बाहेरच्या खोलीत पुस्तकांचे ढीग होते, म्हणून त्यांनी तिला आतल्या खोलीत बसवलं. ती त्यांच्या बायकोची खोली. पलंगावरची चादर ताणून बसवलेली, औषधांचा ट्रे अजून तसाच, भिंतीशी उश्या एकावर एक रचलेल्या.

"तिला टेकवून बसवावं लागायचं," मेट्रनची नजर बघून साहेब म्हणाले. "आडवं झालं की जीव घुसमटायचा. वर्षानुवर्षं बिचारी एकच मागायची. आम्ही सगळे म्हणायचो, अहो असं काय बोलता. ऐकलं मात्र कुणीच नाही."

ती पलंगाच्या कडेला टेकली, एक उशी सरकवली. उशी कुरकुरली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची उशी खराब होऊ नये म्हणून अभ्र्याच्या आत प्लास्टिकचं आवरण घालतात, तसं ते होतं. इस्पितळात जन्मभर ऐकलेला आवाज. त्यामुळंच तिचं लक्ष गेलं नाही.

"काही सांगायला आला होतात का?" साहेबांनी विचारलं.

का कोण जाणे, मेट्रन म्हणाली, "नाही. सहज आले होते."

तिथून ती क्लबवर गेली. असं याआधीही घडलं असेल का, हा प्रश्न वाटेत तिच्या डोक्यात घोळत होता. चिटणीसबाई कपाट आवरत होत्या. मेट्रननं सरळच विचारलं, "तुमच्या शिवणवाल्या आजी दोन महिन्यांमागं गेल्या. त्यांची शेवटची इच्छा काय सांगितली होती तुम्ही बैठकीत?"

चिटणीसबाईंचा हात थांबला. "तीच ती. देवानं न्यावं. त्यांचं पालुपदच होतं ते. का हो?"

"त्या कशा सापडल्या?"

"झोपेत. चेहरा अगदी शांत. कुणीतरी त्यांना उशीही दिली होती. विचारलं नाही कुणी दिली, विचारायचं नसतं ना. मी ती उचलून ठेवली, प्लास्टिकची होती मेली, नुसती कुरकुर."

मेट्रननं खुर्चीची पाठ घट्ट धरली. साहेबांच्या पलंगावरची उशी आत्ता तिच्या कानात कुरकुरली.

"चिटणीसबाई, माझं ऐका, मधे बोलू नका. घड्याळजींना कुणीतरी मारलं, आणि आजींनाही. मारणाऱ्यानं बरणीत गोटी टाकली. चोर असता, वैरी असता, तर कशाला टाकली असती? म्हणजे तो याला खून समजत नाही. इच्छा पुरी केली समजतो. रीतसर, नियमानं. मग गोटीचा नियम पाळणारा माणूस दुसरा नियम मोडेल का?"

"जो भेटीला जातो, त्यानं द्यायचं नाही," चिटणीसबाई पुटपुटल्या.

"आजींकडे तुम्ही जात होतात. म्हणजे तुम्ही नाही. घड्याळजींकडे औषधवाले जात होते. म्हणजे ते नाहीत. मी नाही, हे मला ठाऊक आहे."

चिटणीसबाई म्हणाल्या, "पण साहेब तर ताईंकडे जातात. म्हणजे नियमानं ताईंना त्यांच्यापासून धोका नाही. हो ना?"

"जातात नाही. जात होते. इच्छा सांगितली आणि त्याच बैठकीत भेट सोडली. गुडघ्याचं निमित्त करून. देता यावं म्हणून सोडली हो!"

दोघींनी एकदमच वळून फळीकडे पाहिलं. ताईच्या किल्लीचा खिळा रिकामा होता.

"सकाळी साहेब आले होते," चिटणीसबाई म्हणाल्या. "मी पाठ केली होती. रीत आहे ना, कुणी किल्ली घेताना बघायचं नाही."

५

मेट्रन धावली. वाटेत ताईला फोन लावला, वाजत राहिला. ताई जेवून झोपली की ढगफुटी झाली तरी उठत नसे. औषधवाल्यांना लावला आणि नुसतं ओरडली, "ताईकडे या! दुकान उघडं टाका आणि या!"

ती जिना चढली. स्वतःजवळची किल्ली कुलपात फिरवली. दार उघडलं. घरात चिडीचूप होतं. आतल्या खोलीत आरामखुर्चीत ताई मान टाकून पडली होती.

"ताई!"

मेट्रननं तिच्या नाकाशी हात नेला. ऊबदार वारा लागला आणि पाठोपाठ एक बारीक घोरणं आलं. मेट्रन तिथंच जमिनीवर बसली. देवा, तुझे उपकार.

तेवढ्यात बाहेरच्या दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

कुणीतरी सावकाश आत आलं. चपला काढल्या, त्या भिंतीशी नीट जोडून ठेवल्याचाही आवाज आला. मग पावलं. दारात साहेब उभे राहिले, काखेत कापडी पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी. मेट्रनला बघून ते दचकले नाहीत. नुसते जरा अवघडले.

"तुम्ही इथं?" ते कुजबुजले. "जरा बाहेर थांबता का? देताना कुणी बघायचं नसतं."

या माणसाच्या तोंडावर राग नव्हता, कपट नव्हतं. नेहमीची तीच माया होती. तिनं ताईच्या खुर्चीपुढं उभं राहून दोन्ही हात पसरले.

"काय देणार आहात, साहेब?"

"त्यांनी मागितलंय ते."

"ती रोज मागते! चहा निवला तरी मागते!"

"माझी बायकोही रोज मागायची," साहेब म्हणाले. "मीही असाच टोलवायचो. शेवटी तिला बोलता येईना, तेव्हा डोळ्यांनी मागायची. मला धीर झाला नाही. आपण माणसांना पडदे देतो, दिवे देतो, आणि जे खरं मागतात त्यावर हसतो. त्या दिवशी घड्याळजींवर हसलात तुम्ही सगळे. मी नाही हसलो."

"त्यांना विचारलंत? हवंय का म्हणून?"

"विचारलं तर देणं गुप्त कसं राहील?" साहेबांना तो प्रश्नच समजला नसावा. "त्यांनी शेवटी माझा हात धरला होता. घट्ट. आभारच मानत होते."

पिशवीतली उशी कुरकुरली. ते एक पाऊल पुढं आले. उंच, धिप्पाड माणूस. मेट्रनला कळून चुकलं की आपलं बळ पुरायचं नाही.

"साहेब." मागून एक बारीक आवाज आला. मेट्रननं आजवर ताईचा इतका बारीक आवाज ऐकला नव्हता. ताईचे डोळे टक्क उघडे होते. कधीपासून, देव जाणे. "साहेब, मला मरायचं नाहीये हो."

साहेब थबकले. मास्तरांनी गणित चुकलं म्हणून सांगावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

"पण तुम्ही म्हणालात. माझ्यासमोर म्हणालात."

"म्हटलं! रोज म्हणते!" ताई रडायलाच लागली. "कुणीतरी 'अहो, असं काय बोलता' म्हणावं म्हणून म्हणते! दिवसभरात तेवढं एक वाक्य तरी कुणी माझ्यासाठी बोलावं म्हणून!"

साहेबांच्या काखेतली पिशवी निसटून खाली पडली. ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. घड्याळजींनी धरलेला हात तोच असावा.

"मग त्यांनी हात..." ते म्हणाले. "आणि आजींनी..."

जिन्यावर औषधवाल्यांची धापा टाकणारी पावलं आली, त्यांच्यामागं चिटणीसबाईंची. पोलीस येईपर्यंत चौघंही त्या खोलीत होते. साहेब भिंतीशी बसून होते आणि कुणालाच त्यांच्याकडे बघवत नव्हतं. शेवटी औषधवाल्यांनी त्यांना पाण्याचा पेला दिला. देतानाही आधी विचारलं, "पाणी हवं का?"

६

पुढच्या गुरुवारी बैठकीला तिघंच होते. बरणीतली निळी गोटी पोलिसांनी नेली होती. चिटणीसबाईंनी सवयीनं विचारलं, "कुणाची काही इच्छा?" आणि स्वतःच घाबरून तोंडावर हात ठेवला.

"ताईची आहे," मेट्रन म्हणाली. "तिला तिची किल्ली परत हवीय."

औषधवाले उठले आणि फळीवरच्या सगळ्याच किल्ल्या एकेक करून काढू लागले. ज्याची त्याला नेऊन द्यायची, समोर उभं राहून, आणि परत द्यायची का ते त्यालाच विचारायचं, असं ठरलं. ठराव वगैरे काही झाला नाही.

संध्याकाळी मेट्रन ताईच्या दाराशी पोचली. सवयीनं तिचा हात पर्समधल्या स्वतःच्या किल्लीकडे गेला. तो तिनं मागं घेतला आणि घंटा दाबली. आत काठी टेकत कुणीतरी येत होतं आणि अर्ध्यावर थांबलं. बराच वेळ दाराआड नुसता श्वास ऐकू आला. आपली वाघासारखी बहीण दाराआड भिऊन उभी आहे, हे मेट्रनला कळलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कोण आहे?"

"मी गं, तुझी धाकटी. किल्ल्या आणल्यात. क्लबातली, आणि माझीही. येऊ का आत?"

आत कडी सरकली, पण दार फटीएवढंच उघडलं. ताईनं हात बाहेर काढून दोन्ही किल्ल्या घेतल्या, मुठीत घट्ट आवळल्या. मग दार पुरं उघडलं.

"ये. कंबर मोडून गेलीय बघ आज. आता देवानं..."

ती धाकटीच्या तोंडाकडे बघत उंबऱ्यातच उभी राहिली.

"अगं ताई, असं काय बोलतेस," मेट्रन म्हणाली, आणि तिनं बहिणीचा हात धरला.